मलकाचं पत्र

ठाण्याच्या तलावापासून चार पावलांवर बेने इस्रायली मंडळींचं प्रार्थनामंदिर होतं. जुनी माणसं त्याला मशीदच म्हणत. त्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांची एक शाळा भरायची. चौथीपर्यंतची मराठी शाळा, पण सकाळचा पहिला तास हिब्रू वाचनाचा. एलोजी मास्तर एका हाताने छडी आणि दुसऱ्या हाताने पोथी धरून तीस वर्षं तो तास घेत आले. त्या शाळेतून निघालेली मुलं पुढे रेल्वेत लागली, इस्पितळात लागली, कुणी अदनला गेली, कुणी कराचीला. पण वर्षातून एक दिवस जमेल तितकी सगळी परत यायची. दारफाळणीच्या सणाचा कडक उपास झाला की दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी एकमेकांच्या घरी जायचं, गोरगरिबाला द्यायचं, असा रिवाज. ठाण्यातली माणसं त्या संध्याकाळी शाळेत जमायची. मास्तर जुना पट उघडून हजेरी घ्यायचे. चाळिशीचे बाप्ये "हजर" म्हणून उभे राहायचे. जो आलेला नसेल त्याच्यासाठी दुसरं कुणी उत्तर द्यायचं, "कराची", "पुण्याला बदली", नाहीतर "वारला". वारला म्हटलं की मास्तर क्षणभर थांबायचे आणि मग पुढचं नाव घ्यायचे.

या जुन्या विद्यार्थी मंडळाच्या चिटणीस होत्या शेगुलाबाई वाकरूळकर. नवरा मुसाजी कंपाउंडर होता. तो बेचाळीसच्या साली टायफॉइडने गेला. मूलबाळ नव्हतं. मुनसिपालटीच्या मुलींच्या शाळेत त्या शिकवायच्या आणि उरलेला वेळ मंडळाला द्यायच्या. कोण आजारी, कुणाच्या घरी बाळंतपण, कोणाच्या मयतीला दहा माणसं जमवायचीत, हे सगळं त्यांना ठाऊक. सणाच्या आधी महिनाभर त्या पोस्टकार्डं लिहायला बसायच्या. अक्षर वळणदार, मजकूर दोनच ओळींचा, पण प्रत्येकाला वेगळा.

त्यांच्याच बाकावर लहानपणी मलका बसायची. मलकाचा गळा गोड होता. योसेफाच्या कीर्तनात भावांनी त्याला विहिरीत टाकलं तो भाग ती गायला लागली की बायका पदराने डोळे पुसायच्या. मलकाचं लग्न शाळेतल्याच मुलाशी झालं. तीन इयत्ता पुढचा रूबेन पेझारकर. तो ठाकुर्लीच्या वीजघरात फिटर होता. कमी बोलणारा, ताठ मानेचा, हाताला मात्र जादू. मोडकं घड्याळ असो की पाण्याचा पंप, रूबेनच्या हातात गेलं की चालू. त्यांना एकच मुलगी, एस्तेर.

स्वराज्य आलं आणि पुढच्याच वर्षी तिकडे इस्रायल झालं. ठाण्यातल्या घराघरात एकच विषय. जायचं की राहायचं? एलोजी मास्तर म्हणायचे, "दोन हजार वर्षं प्रार्थनेत ज्याचं नाव घेतलं, ते आता बोटीने पंधरा दिवसांवर आलंय. पण अरे, नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज लागले, तिथल्या लोकांनी त्यांना पाण्यात लोटलं नाही, हेही विसरू नका." ज्याला जे ऐकायचं तो ते ऐकायचा.

रूबेनने पन्नास साली नोकरी सोडली. शेगुलाबाईंना हे कळलं तेव्हा त्या ठाकुर्लीला गेल्या. मलका भांडी पोत्यात भरत होती.

"तुला जायचंय?" शेगुलाबाईंनी विचारलं.

"त्याला जायचंय," मलका म्हणाली. "एस्तेरलाही जायचंय. मग मी कुठे राहू?"

बोट सुटली त्या दिवशी शेगुलाबाई शाळेतून रजा घेऊन धक्क्यावर गेल्या. मलकाने त्यांच्या हातात हात दिला आणि म्हणाली, "मी लिहीन. तू सगळ्यांना वाचून दाखव." म्हणून मग तसंच चाललं. पहिली तीन पत्रं आली ती मंडळाच्या बैठकीत वाचली गेली. तिथली संत्री, तिथला वारा, एस्तेर पटापट भाषा शिकतेय, वगैरे. माणसं कान देऊन ऐकायची.

चौथं पत्र एक्कावन्नच्या पावसाळ्यात आलं. ते लांब होतं, आणि वरच लिहिलं होतं, हे फक्त तुला लिहिते आहे, वाचून दाखवू नकोस. वाळवंटातल्या वस्तीत ते तंबूत राहत होते. रूबेनला रस्त्याची खडी फोडायला लावलं होतं. फिटर आहे म्हटलं तर हसत. हिंदुस्थानातले म्हणून दुकानात पाव मागे ठेवत. एस्तेर दूरच्या शेतीवसाहतीत राहायला गेली, ती सुखात होती, पण आईशी मराठीत बोलायला तिला लाज वाटायला लागली होती. आणि शेवटी, रूबेनने घरी काही कळवू नको म्हणून बजावलंय. तो रात्री झोपत नाही. मी कुणाला सांगू, म्हणून तुला सांगते.

शेगुलाबाईंनी ते पत्र उशीखाली ठेवलं. आठ दिवस कुणाला दाखवलं नाही.

नवव्या दिवशी मंडळाची बैठक होती. तीन घरांनी जायचं नक्की केलं होतं. एकाने खोली सोडायची नोटीस दिली होती, दुसऱ्याने बायकोची पाटल्यांची जोडी मोडली होती. त्यातला अब्राहम चिंचोलकर, पोस्टात होता तो, म्हणाला, "बाई, मलकाचं काय पत्र? बरेच दिवसांत वाचलं नाही तुम्ही."

शेगुलाबाईंनी पिशवी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "पत्र आलंय."

"मग वाचा की."

त्यांच्या मनात काय आलं ते त्यांनी पुढे आयुष्यभर स्वतःला समजावून सांगितलं. तीन घरं, नऊ लेकरं. उद्या ही माणसं तंबूत जाऊन पडली आणि आपल्याला ठाऊक होतं असं कळलं तर? सकाळी पिशवीत टाकलेलं पत्र त्यांनी काढलं आणि वाचलं. वरची ओळ तेवढी गाळली.

दोन घरं थांबली. नोटीस मागे घेतली गेली. एका बाईने शेगुलाबाईंचे हात धरून डोळ्यांना लावले. त्या दिवशी त्यांना वाटलं, आपण केलं ते बरंच केलं.

पण तिसरं घर अब्राहमचं, त्याच्या मनात शंका राहिली. त्याच्या बहिणीचा नवरा त्याच वस्तीत होता. अब्राहमने त्याला लिहून विचारलं, रूबेनची बायको असं असं लिहिते, हे खरं का? झालं. महिनाभरात ते वस्तीभर झालं. पाण्याच्या नळावर, सगळ्यांच्या देखत, त्या मेव्हण्याने रूबेनला विचारलं, "इथे सगळेच दगड फोडतात. मग हिंदुस्थानात बोंब मारायला तुझ्या बायकोला तू बसवलंस काय?" रूबेनला तेव्हा कळलं की मलकाने लिहिलं होतं. तो घरी आला आणि काही बोलला नाही. त्या दिवसापासून बोललाच नाही म्हटलं तरी चालेल.

हे सगळं शेगुलाबाईंना तेव्हा कळलं नाही. त्यांना एवढंच दिसत होतं की पत्र येत नाही. त्यांनी दोन पाठवली, उत्तर नाही. बावन्न साली काही माणसं तिथून हट्ट धरून हिंदुस्थानात परत आली, असं वर्तमानपत्रात आलं. मंडळात त्यावर हसणं झालं. "दुधाने तोंड पोळलं, आता ताकाला आले," असं कुणी म्हणालं. त्यांच्यात पेझारकर असतील असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. असते तर ठाण्याला आले नसते?

त्रेपन्नच्या जानेवारीत बाजारात शेगुलाबाई माठाची जुडी निवडत होत्या. भाजीवाली शेवंती कोपर गावची आगरीण होती, डोंबिवलीहून गाडीने टोपली घेऊन ठाण्याला यायची. वर्षानुवर्षांची ओळख. ती म्हणाली, "बाय, तुमचे जातीची येक बाय आमचे गावान र्‍हाते."

"कशावरून गं आमच्या जातीची?"

"शनवारी चूल नाय पेटवत. आदले दिवशीचा खाते. मी इचारला तर बोलली, आमचा रिवाज हाय. तुमी पन तसाच सांगलेला."

शेगुलाबाईंनी जुडी टोपलीत ठेवली आणि ती बाई नेमकी कुठे राहते ते विचारून घेतलं.

पुढच्या रविवारी त्या डोंबिवलीला उतरल्या आणि पश्चिमेला भातखाचरांच्या बांधावरून चालत कोपरला गेल्या. कापणी झालेली, खाचरं कोरडी, पलीकडे खाडी. काळुराम म्हात्रेची भातगिरणी होती, तिच्या मागच्या पडवीला मातीच्या भिंती घालून एक खोली केली होती. दारात मलका बसली होती. शिवणाच्या मशिनीवर गावातल्या बायकांच्या चोळ्या शिवत होती. केस पांढरे झाले होते. बेचाळीस वर्षांच्या बाईचे इतके पांढरे केस शेगुलाबाईंनी पाहिले नव्हते.

मलकाने वर पाहिलं. मशीन थांबवलं नाही. शिवण टोकापर्यंत नेली, दोरा तोडला, मग म्हणाली, "बस."

शेगुलाबाई बसल्या. पाणी मिळालं. तांब्या खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मला कळवलं का नाहीस?"

"तुला कळवलं होतं एकदा," मलका म्हणाली.

मग तिने नळावरची ती गोष्ट सांगितली. एकही शब्द चढवून नाही की उतरवून नाही. शेगुलाबाईंनी मध्येच नऊ लेकरांचं सांगायचा प्रयत्न केला. मलकाने मान हलवली. "ते बरं झालं. थांबले ते बरं झालं. पण रूबेनचं तोंड मला कोण परत देणार?"

तेवढ्यात गिरणीचं इंजिन बंद झालं आणि रूबेन मागच्या दारातून आला. अंगभर कोंड्याचा पांढरा थर. छाती भात्यासारखी हलत होती. त्याने शेगुलाबाईंना पाहिलं, ओळखलं, आणि आल्या पावली परत गिरणीत गेला. वीजघरातल्या फिटरला काळुरामने गिरणीवर ठेवला होता, तोही दयेने. सोडलेली नोकरी परत मिळत नसते.

निघताना शेगुलाबाई म्हणाल्या, "मंडळात सांगू का? माणसं येतील, मदत होईल. रूबेनला डॉक्टर..."

"नको," मलका म्हणाली. "तो एकदाच बोलला, की त्यांच्यासमोर जाण्यापेक्षा खाडी जवळ आहे. शेगुला, या वेळी तरी माझं ऐक. कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार."

आणि नाही सांगितलं. महिन्यातून एकदा त्या कोपरला जायच्या. दम्याचं औषध न्यायच्या, मलका ते आपण आणलं म्हणून रूबेनला द्यायची. मंडळात मलकाचा विषय निघाला की त्या पोस्टकार्डात डोकं खुपसायच्या. एलोजी मास्तर आता ऐंशीला टेकले होते. ते एकदा म्हणाले, "शेगुला, तू काहीतरी धरून ठेवलंयस." त्या म्हणाल्या, "हो मास्तर. पण ते माझं नाही." मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही.

ऑगस्टातल्या एका गुरुवारी शेवंती बाजारात टोपली न घेताच आली. "बाय, तो मानूस गेला. मंगलवारी."

शेगुलाबाईंनी शाळेत निरोप पाठवला आणि गाडी पकडली. बांधावर गुडघाभर चिखल होता. मलका जमिनीवर बसली होती, भिंतीला पाठ लावून. चूल थंड. काळुरामच्या बायकोने भाकरी आणून झाकून ठेवली होती, तशीच होती.

"माती कुठे दिली?" शेगुलाबाईंनी विचारलं.

मलकाने खाडीकडे हात केला. दम्याने पडलेल्या रूबेनने शेवटच्या दिवशी पुन्हा एकदाच तोंड उघडलं होतं, ते एवढंच सांगायला की मला ठाण्याला नेऊ नका. काळुराम आणि गावचे चौघे आले. ही माणसं जाळणारी. पण आमच्यात पुरतात म्हटल्यावर त्यांनी भर पावसात खाडीकाठच्या खाजणाच्या वरच्या अंगाला, आंब्याखाली खड्डा खणला. पाणी भरत होतं, ते घमेल्याने उपसत राहिले. पांढरं कापड मलकाने मशिनीवर शिवलं. दहा माणसं नाहीत, हझ्झान नाही. प्रार्थना कोण म्हणणार?

"मी म्हटलं," मलका म्हणाली. "शेमा म्हटलं. मग मास्तरांनी चौथीत पाठ करून घेतलेलं ते स्तोत्र. ते चौघे टोप्या काढून उभे राहिले, मी म्हटलं डोकं झाकायचं असतं, तर पुन्हा घातल्या. मधली एक ओळ मला आठवेना. तीन वेळा मागे जाऊन सुरुवात केली. पाऊस लागत होता. शेवटी ती सोडून पुढे गेले."

"कुठली ओळ?"

मलकाने आधीची ओळ म्हटली. शेगुलाबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांनाही आली नाही. 

सुतकाच्या सात दिवसांतले उरलेले दिवस शेगुलाबाई तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिल्या. त्यांच्या मनात एकच घोळत होतं. पहिल्यांदा वचन मोडलं म्हणून हा माणूस मुका झाला. दुसऱ्यांदा पाळलं म्हणून तो कद्दिशशिवाय, दहा जणांनी मिळून म्हणायच्या त्या मयताच्या प्रार्थनेशिवाय, मातीत गेला. ठाण्यात एका हाकेवर वीस माणसं निघाली असती, आणि ती हाक फक्त त्यांनाच मारता आली असती.

सातव्या दिवशी उठताना त्यांनी विचारलं, "आता सांगू?"

मलका उठली, लुगडं झटकलं. "शिळ्या सणाला हजेरी होईल. त्याचं नाव येईल तेव्हा खोटं सांगू नकोस. एवढंच."

त्या वर्षी शिळ्या सणाला शाळेत निम्मेच लोक होते. मास्तरांना दिसत नव्हतं, पट अब्राहम चिंचोलकर वाचत होता. इस्रायल, इस्रायल, इस्रायल, अशी उत्तरं येत होती. रूबेन पेझारकर हे नाव आलं. कुणीतरी सवयीने "इस्रायल" म्हणालं.

शेगुलाबाई उभ्या राहिल्या. "वारला," त्या म्हणाल्या. "कोपरला. ऑगस्टात. मलका तिथेच आहे."

मास्तर थांबले. सगळेच थांबले.

"कोपर म्हणजे डोंबिवलीचं कोपर?" अब्राहम म्हणाला. "आणि तुम्हाला माहीत होतं?"

"जानेवारीपासून."

मग जे व्हायचं ते झालं. आवाज चढले. दहा मैलांवर आपला माणूस मरतो आणि चिटणीस गप्प बसते, हे कसलं मंडळ? शेगुलाबाईंनी पत्राची वरची ओळ त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली, जी त्यांनी वाचताना गाळली होती. रूबेनने का तोंड लपवलं तेही सांगितलं. मेव्हण्याचं नाव घेतलं नाही. पण अब्राहमने पट मिटला आणि तो खाली बसला. शेगुलाबाईंनी चिटणीसपद सोडल्याचं तिथेच सांगितलं. कुणी नको म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी बांधावरून बारा माणसं एका रांगेत चालत गेली. शहरी बूट चिखलात रुतत होते. काळुरामने आंबा दाखवला. उधाणाच्या भरतीने वरची माती धुतली होती, खुणेचा दगड घसरला होता, नक्की जागा कुठली हे त्यालाही अंदाजानेच सांगता आलं. माणसं अंदाजानेच उभी राहिली आणि कद्दिश म्हटलं. मलका आली नाही. ती दारात चहा करत होती.

सगळे पडवीत कप घेऊन बसले. रूबेनच्या वर्गातला एकजण म्हणाला की शाळेची घंटा त्याने दुरुस्त केली होती ती अजून वाजते. मलकाने मान डोलावली. अब्राहम बाहेर अंगणातच उभा होता. शेवटी तो दारापाशी आला.

"मलकाबाई, मेव्हण्याला ते मीच लिहिलं होतं."

"मला माहीत आहे," मलका म्हणाली. "चहा घ्या. निवतोय."

त्याने कप घेतला. उभ्याउभ्याच प्यायला.

मंडळाने तिला ठाण्यात खोली देऊ केली. ती गेली नाही. चोळ्या शिवत कोपरलाच राहिली. शेगुलाबाई येत राहिल्या. मलका त्यांना बस म्हणायची, जेवायला वाढायची, पण पूर्वीचं हसणं काही परत आलं नाही. एस्तेरची पत्रं यायची, ती मलका एकटीच वाचायची.

छप्पन्नच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पटावर चार मुलं होती. ती दुसरीकडे घातली आणि शाळा बंद झाली. एलोजी मास्तर त्याआधीच्या थंडीत गेले होते, हे एक बरं. शेगुलाबाईंनी कोपरला जाऊन ते सांगितलं. मलका सुईत दोरा ओवत होती. ओवता ओवता तिचा हात थांबला आणि ती रडायला लागली. रूबेनच्या सात दिवसांत शेगुलाबाईंनी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आता ती थांबेना. शेगुलाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

"मला एकदा बघायचीय," ती म्हणाली.

परत आल्यापासून चार वर्षांत ती पहिल्यांदा ठाण्याला आली, एका शुक्रवारी सकाळी. दोन्ही खोल्या कुणा कापडवाल्याने गोदामाला घेतल्या होत्या. तागे छतापर्यंत रचलेले. हिशेबनीसाने चष्म्यावरून पाहून विचारलं, "काय पाहिजे, बाई?"

"काही नाही," मलका म्हणाली. "इथे आम्ही शिकलो."

"बरं," तो म्हणाला, आणि मोजायला लागला.

दोघी तलावाच्या काठाने स्टेशनला आल्या. शेगुलाबाई तिला पोहोचवायला कोपरपर्यंत गेल्या. बांधावर पाऊस नव्हता, पण खाचरं भरली होती, चिखलणी चालू होती. मलका पुढे चालत होती. घर आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शेगुलाबाईंनी पिशवी उचलली.

"आता कुठे निघालीस?" मलका म्हणाली. "सूर्य बुडाला की शनिवारचा शब्बाथ लागेल वाटेतच. उद्या संध्याकाळी जा."

शेगुलाबाईंनी पिशवी खुंटीला लावली. मलकाने दोन वाती वळल्या, एक त्यांच्या हातात दिली, आणि उद्यासाठी भात जास्त लावला.

त्यानंतर मलका दोन पावसाळे जगली. त्या दोन वर्षांत शेगुलाबाईंचा जवळजवळ प्रत्येक शनिवार कोपरला गेला. त्या पत्राबद्दल दोघी पुन्हा बोलल्या नाहीत.